सातची भाकरी

पूर्वीने घरात बसून राहावं, यात तिच्या सासूचा, शेवंतीबाईंचा, फायदा रोकडा होता: संध्याकाळी सातची गरम भाकरी. नवऱ्याचा, स्वप्नीलचा, वाटाही त्याच भाकरीत. पूर्वीचं जे जाणार होतं ते तिच्या रक्तात होतं. या दोघांना ते दिसायचं कारण नव्हतं.

गरोदरपणाच्या सातव्या महिन्यात पूर्वीची रक्तातली साखर वाढली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रोज संध्याकाळी अर्धा तास चाला. पंधरा दिवसांनी तपासू. उतरली नाही तर इन्सुलिन."

त्याच संध्याकाळी पूर्वीने बूट घातले. शेवंतीबाई दारात उभ्या.

"खंय चाललंस?"

"मैदानात. अर्धा तास."

"पोट पुढे काढून? ती शेजारची कमळाबाई ग्यालरीत बसली आसा. नजर लागतली गो!"

"डॉक्टरांनी सांगितलंय, आई."

"डॉक्टरणीक काय जाता सांगूक! व्यायाम होयो ना? फरशी पूस. माझो स्वप्नील फरशी पुसूनच झालो."

स्वप्नीलचा एकूण वकूब पाहता हे खरंही असेल.

ही नजर मात्र मोठी हिशेबी. दळण आणायला पूर्वी तीन जिने उतरली की लागत नसे. परळच्या बाजारातून बांगडे आणले तरी नाही. फक्त सात वाजता, हात मोकळे ठेवून चालली की लागायची.

"जाऊ दे ना यार," स्वप्नील म्हणाला, "पंधरा दिवसांचा तर प्रश्न."

"रक्त कुणाचंय?"

"तू पण ना!" त्याने भाकरीचा पापुद्रा उचलून आत तूप सोडलं.

मग पूर्वीने चाळीच्या गॅलरीतच फेऱ्या सुरू केल्या. जिच्या नजरेची भीती, त्या कमळाबाईंनी आपली खुर्ची उचलून आत घेतली. "चाल गो बाय, वाट मोकळी आसा." पण चौथ्या फेरीला आतून हाक आलीच: "भाकरी कोण थापतलो?" रोज चौथ्याच फेरीला.

पंधराव्या दिवशी साखर आणखी वर.

"चालला नाहीत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

पूर्वीने तोंड उघडण्याआधी स्वप्नील बोलला, "ऐकतच नाही हो ती. आम्ही सांगून थकलो."

डॉक्टरीणबाईंनी इन्सुलिन लिहून दिलं. संध्याकाळी सातला पूर्वीने पिठाची परात त्याच्यासमोर आदळली. "थाप." आणि बूट घालून तीन जिने उतरली. शेवंतीबाईंच्या हाका दुसऱ्या मजल्यापर्यंतच पोचल्या.

शेवंतीबाईंना त्या संध्याकाळी करपलेली भाकरी खावी लागली. स्वप्नीलचं एक बोट भाजलं. त्याने त्यावर बर्फ लावला, फुंकर घातली, शेजारच्या तिघांना दाखवलं. पूर्वीच्या पोटात रोज चार सुया, अजून नऊ आठवडे.