उसाच्या कडेचा लिलाव

बाळाला झोपवून किशोरी नुकती कुठे स्वयंपाकघरात आली होती. सकाळचा चहा ओट्यावर साय धरून बसला होता. तो गरम करावा की तसाच घशाखाली ढकलावा, एवढा एकच प्रश्न त्या घडीला तिच्यापुढे होता आणि तोही सुटत नव्हता. बाळंतपणाला दोन महिने उलटले, पण गरम चहा काही तिच्या नशिबी आला नव्हता. तेवढ्यात चार्जिंगला लावलेला फोन वाजला. व्हिडिओ कॉल, मॉरिशसहून, नवऱ्याचा.

पडद्यावर आधी आभाळ आलं, मग ऊस, मग सासऱ्यांचा अर्धा कान.

"आबा, फोन सरळ धरा. कान दिसतोय नुसता."

"किशोरी, गाडी बसली गो," काशिराम म्हणाले. जेवण झालं, असं सांगावं इतक्या सहज.

"बसली म्हणजे?"

"म्हणजे आमी रस्त्याच्या कडंला, गाडी पण रस्त्याच्या कडंला. जात नाय."

मागून शैलेशने फोन ओढून घेतला. त्याचं तोंड उन्हाने आणि रागाने सारखंच लाल झालं होतं. "टायर फुटला. आणि स्टेपनी नाही."

"भाड्याच्या गाडीला स्टेपनी नाही देत?"

"दिली होती. आबांनी काढून ठेवली. रूमवर, व्हरांड्यात. का, विचार."

"डिकीत जागा नव्हती रे," मागून आवाज आला.

"कशासाठी पाहिजे होती जागा? बोंबलांसाठी! समुद्राच्या देशात येऊन सुके बोंबील आणि तांदळाचं पीठ! एअरपोर्टवर कुणी पिशवी उघडली नाही ते नशीब. जन्मभर जास्तीचं वल्हं घेतल्याशिवाय होडीत पाय नाही ठेवलात आबा, आणि इथे…"

"होडीला चाक नसतं. मला काय म्हाईत?"

किशोरीला हसू आलं, ते तिने गिळलं. सासू-सासऱ्यांसमोर नवऱ्याला 'अहो' म्हणायचं हेही ती विसरली. "शैलेश, आबांवर ओरडू नकोस. कंपनीला फोन केलास?"

"केला. बेटाच्या दुसऱ्या टोकाहून माणूस निघालाय चाक घेऊन. आज रविवार. सगळं गाव समुद्रावर, रस्ते भरलेले. म्हणाला, बसा."

"आणि वीरा?"

"आहे की. आईच्या मांडीवर."

फोन फिरला. गाडीच्या सावलीत चटई टाकून तिची सासू मैना बसली होती आणि तिच्या पदरात तोंड खुपसून पाच वर्षांची वीरा. दिसत होती ती फक्त लाल रबर लावलेली शेंडी.

"वीरू, बघ, आई आहे."

शेंडी हलली नाही.

किशोरीने फोन तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला आणि गार चहाचा घोट घेतला. दवाखान्यातून बाळ घरी आणलं त्या दिवशी वीराने दुपटं उचलून आत डोकावलं होतं आणि विचारलं होतं, "हा किती दिवस राहणारे?" सगळे पोट धरधरून हसले होते. किशोरीसुद्धा. हसायला नको होतं. त्या दिवसापासून वीरा आईच्या हातचं जेवेना. आजीने भरवलेली बोंबलाची चटणी आणि तांदळाची भाकरी, एवढंच पोटात जायचं. बाळाचं नाव तिने एकदाही घेतलं नाही. 'तो' म्हणायची. "तो उठलाय." "तो रडतोय." "तू त्याच्याकडे जा."

सहलीची तिकिटं बाळाची चाहूल लागायच्या आधीच काढलेली. शैलेशने उरणच्या बंदरात जादा पाळ्या करून आईबापाला पहिल्यांदा विमानात बसवायचं ठरवलं होतं. किशोरीला जाता येणार नव्हतं. "तुम्ही जा, वीराला पण न्या, तिचा जीव रमेल," असं ती मोठ्या मनाने म्हणाली होती. पण त्या मोठ्या मनाच्या एका कोपऱ्यात एक बारकी गोष्ट दडून बसली होती. थोडे दिवस एकच मूल, थोडी झोप. कोपऱ्यात पुटपुटलेलंही पोरांना कसं ऐकू जातं कोण जाणे. निघायच्या दिवशी लिफ्टचं दार लागेपर्यंत किशोरी हात हलवत उभी होती. वीराने मागे वळून पाहिलं नव्हतं.

तेव्हापासून रोज फोन यायचा आणि रोज त्यात नुसती शेंडी दिसायची.

आणि आज चाक व्हरांड्यात होतं बोंबलांमुळे, बोंबील डिकीत होते वीरामुळे, आणि वीरा… किशोरीने कप खाली ठेवला.

"पुरे झाली बोंबाबोंब," तिकडे मैना म्हणाली. "वरडून चाक येत नाय. होडी बंद पडली का नांगर टाकायचा, नि बसायचं गप. शैल्या, ती पिशवी काढ. वीरा, ऊठ गो बाय. लिलाव लावू."

शेंडी पहिल्यांदा वर झाली. "मी लिलाववाली?"

"तूच. मी गिऱ्हाईक."

मैनाचा सगळा जन्म करंजाच्या धक्क्यावर गेला होता. होड्या लागल्या की मासळीचे ढीग पडायचे, भोवती कोळणींचं कडं, मधे लिलाववाला. वीराला बोलता यायला लागल्यापासून आजी-नातीचा हा खेळ चालायचा. त्यात खोटं बोललं तरी चालायचं, भांडलं तरी चालायचं, एकमेकींची आईबहीण काढलेलीही चालायची. फक्त एक नियम होता, तो मैनाने धक्क्यावरून जसाच्या तसा आणलेला. बोली लावली की माल तुटेपर्यंत, म्हणजे विकला जाईपर्यंत, पाठ फिरवायची नाही. पाठ फिरवली की बोली मेली.

शैलेशने फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून चटईच्या कडेला उभा केला. वीरा बॅगेवर चढली. "बोंबील! ताजे सुके बोंबील! बोला!"

"शंभर रुपये," शैलेश कंटाळून म्हणाला.

"कुठले रुपये? हितले का आपले?" काशिरामांनी विचारलं. मॉरिशसलाही रुपयेच चालतात, हे कळल्यापासून त्यांचा गोंधळ उडाला होता.

"पैसे बाद!" लिलाववालीने निकाल दिला. "खरी वस्तू पाहिजे."

"मग माझा गागल."

"आबांचा गागल एक… आबांचा गागल दोन… तीन! घ्या."

गागल वीराच्या डोळ्यांवर गेला आणि लगेच तोही लिलावात निघाला. मैनाने त्यावर कंगवा लावला, शैलेशने रुमाल. पनवेलहून किशोरी म्हणाली, "माझा गार चहा, सायीसकट!"

वीराने फोनकडे बघितलं नाही. "फोनवाल्यांची बोली नाय घेत."

"घेतात गो," मैना सहज बोलावं तसं म्हणाली. "आता धक्क्यावर पण फोनवरून बोली येते. शेठलोक घरात बसून पापलेट नेतात."

वीराने जरा विचार केला. गागल कंगव्याला तुटला, पण तिच्या डोळ्यांवरून उतरला नाही. मग तिने कमरेवर हात ठेवले.

"आता बाळ. बाळ विकायचाय. रडका हाय. बोला!"

"वीरा!" शैलेश ओरडला.

"तू गप रे. माल लिलाववालीचा." मैनाने त्याचा गुडघा दाबला. "रडका म्हंजे भाव पडलेला. दोन बोंबील."

"माझी एक चप्पल," काशिराम म्हणाले.

"एकच?"

"दुसरी मला लागंल. उतरून चालायची पाळी आली तर?"

शैलेशला हसू फुटलं, गाडी बसल्यापासून पहिल्यांदाच. पण वीरा हसत नव्हती. गागलाच्या काळ्या काचा पहिल्यांदाच फोनकडे वळल्या होत्या.

किशोरीला पेच पडला. जास्त बोली लावावी तर पोर म्हणणार, बघा, त्याच्यासाठी कशी धावली. न लावावी तर आतल्या खोलीत झोपलेलं ते दोन महिन्यांचं पोर तिचंच होतं, खेळात झालं तरी त्याला एका चपलेला जाऊ कसं द्यायचं?

"या मालावर माझी बोली नाही," ती शेवटी म्हणाली.

"का?"

"मी दुसऱ्या मालासाठी थांबलेय."

"कुठल्या?"

"लिलाववालीने काढला तर कळेल."

बाळ एका चपलेला काशिरामांना गेलं. वीरा बॅगेवरून उतरली. चटईच्या मधोमध, जिथे आधी बोंबील ठेवले होते, तिथे येऊन उभी राहिली. गागल काढला. आवाज एवढासा झाला होता.

"आता मी."

मागचा ऊस सळसळला.

"वडाळे तळं," किशोरी म्हणाली. "अख्खं. बदकांसकट."

"माझी होडी!" काशिराम खेळात शिरले.

"होडी विकलीत तुम्ही, आबा," शैलेश म्हणाला.

"इंजिन हाय अजून."

"माझी नथ," मैना म्हणाली.

"गव्हाणच्या आजीचं अंगण," किशोरीने चढवलं. "आंब्यासकट. झोपाळ्यासकट."

वीराच्या ओठांची कड जरा हलली. आणि नेमकं तेव्हाच, उलव्याच्या बाजूने उठलेलं विमान इमारतीवरून घरघरत गेलं आणि आतल्या खोलीत बाळाने टाहो फोडला.

ते रडणं समुद्र ओलांडून उसापर्यंत पोचलं. वीराचे खांदे खाली आले. तिला जणू ठाऊकच होतं. "तो रडतोय," ती म्हणाली. "जा तू."

किशोरीचं अंग आपोआप वळायला लागलं होतं. आईचं अंग तिला विचारत नाही, रडण्याकडे वळतं. अर्ध्यात ती थांबली. पाठ फिरवली की बोली मेली.

तिने चार्जरची वायर उपटली, फोन तोंडासमोर धरला आणि एक पाऊल मागे टाकलं. मग आणखी एक. वीराकडे तोंड, बाळाकडे पाठ, अशी ती उलटी चालत स्वयंपाकघराबाहेर निघाली.

"माझी बोली आहे अजून! करंजाचा धक्का! सगळ्या बोटींसकट!"

तिची कंबर फ्रीजवर आदळली. वरची तेलाची बाटली डुगडुगली.

"आई, मागे फ्रीज हाय!"

"मला कुठे दिसतंय? माझी पाठ आहे तिकडे."

"मला दिसतंय," वीरा गुडघ्यांवर बसली आणि फोनला नाक लावलं. "सरळ ये. नको नको, स्टूल हाय! डावीकडे. ही डावी नाय गो, तुझी डावी!"

"कपड्यांचा स्टँड?"

"तो पुढे हाय. म्हणजे मागे. थांब… आता ये."

"उरणचा समुद्र पण! माझी बोली वाढवा, लिलाववाली!"

"वाढवली! दार! वाक… नाय, वाकायचं नाय, सरळ हो. आता खाट."

पोटऱ्यांना खाट लागली. किशोरी खाली टेकली आणि मोकळा हात मागे नेऊन चाचपडला. दुपटं, लाथा मारणारा पाय, मग गरम ओलं पोट. हात लागताच रडणं हुंदक्यांवर आलं, पण थांबलं नाही. एका हाताने, मागच्या मागे, मूल उचलता येत नाही. ती तशीच बसून राहिली. घाम डोळ्यांत उतरत होता.

तिकडे काशिराम, मैना, शैलेश, तिघेही फोनभोवती गोळा झाले होते.

"त्याला घे ना," वीरा म्हणाली.

"पाठ फिरेल गं माझी."

वीराने आजीकडे पाहिलं. मैनाने नजर मुद्दाम उसाकडे नेली. नियम तिचा होता, पण बॅगेवर ती चढली नव्हती.

"लिलाववाली मी हाय," वीरा हळूच म्हणाली. "तू फिर. मी तुझी बोली धरून ठेवते."

किशोरी वळली. बाळाला छातीशी घेतलं, फोन उशीवर पडला, आणि पाठीमागून आवाज येत राहिला, "आईची बोली एक…" थोडं थांबून, लांबवत, "आईची बोली दोन…"

"आला! आला गाडीवाला!" शैलेशचा आवाज मधे घुसला. "अरे, हात दाखवा कुणीतरी… किशोरी, ठेवतो गं, त्याला लोकेशन…"

फोन बंद.

किशोरीने परत लावला. उचलला नाही. चाक बसवत असतील. तिने बाळाला पाजलं, ढेकर काढली, खांद्यावर घेऊन खिडकीशी उभी राहिली. खाली रिक्षावाले नेहमीसारखे भांडत होते. दोन. दोनवर तुटत नाही माल. धक्क्यावर दोनवरून किती बोल्या उलटतात, हे सासूने तिला कितीदा सांगितलं होतं.

बाळ तिच्या केसांची बट मुठीत धरून झोपलं. फोन गप्प होता. ती स्वयंपाकघरात गेली, खाली पडलेली वायर उचलली, उरलेला चहा पातेल्यात ओतला. गॅस पेटवला नाही.

मग फोनने टिंग केलं. शैलेशच्या नंबरवरून आवाजी निरोप. आधी गाडीची घरघर, चालत्या गाडीची, मग लांबून काशिराम, "काच उघड रे, बोंबलांनी जीव घेतला," मग कुणाचा तरी श्वास, फोनच्या अगदी जवळ.

"तीन."

किशोरी पातेल्याशी उभी होती ती तशीच. निरोप संपला नव्हता. आजी काहीतरी पुटपुटली, त्यावर "मी सांगते, मी," अशी झटापट झाली आणि वीराचा आवाज पुन्हा आला, लिलाववालीचा, कमरेवर हात असल्यासारखा.

"आणि बाळाचा लिलाव रद्द. आबांची चप्पल परत दिली मी."