दिव्यापाशीची पऱ्हाटी

पाच वर्षांत सुनीतीनं वणी ते कळंब एक देऊळ सोडलं नव्हतं. कॉलेजात मराठी शिकवणारी बाई, आणि विचारायची काय, तर दिव्याची वात कुठल्या कापसाची? पुजारी बिचारे विकतच्या वातींचं पाकीट पुढे करायचे. हा सगळा खटाटोप जात्यावरच्या एका ओवीपायी:

तांबड्या फुलाची पऱ्हाटी, दिव्यापाशी वाढते गं
तिच्या कापसाची वात, रोज अंधार काढते गं

देवासाठी म्हणून बायकांनी देशी वाण जपलं, हे तिच्या प्रबंधातलं लाडकं प्रकरण. मार्गदर्शक सदाशिव सरांनी मात्र बजावलं होतं, "झाड दाखवा, नाहीतर प्रकरण काढा. मार्चमध्ये प्रबंध गेला नाही, तर यंदाची बढती विसरा." झाड आणायचं कुठून? कापसानं जिल्ह्याच्या तोंडचं पाणी पळवलं होतं, शिवारभर पाकिटातलं महागडं बियाणं होतं, आणि जुन्या वाणाचं नाव काढलं की लोक हसायचे.

शेवटी ओवी सांगणारी नंदाबाईच वैतागली. "मॅडम, दिवा का फक्त देवळातच जळते?"

सुनीतीला स्वतःचीच लाज वाटली. एवढी शिकलेली बाई, आणि हे सुचू नये! ती तशीच गावाबाहेरच्या दर्ग्याकडे निघाली, निघाली कसली, पळालीच.

दर्ग्यामागे, आंघोळीचं पाणी जायचं तिथं, पुरुषभर उंचीची पऱ्हाटी उभी होती. तांबडी फुलं, खाली मान घातलेली इवली बोंडं. सुनीतीनं आनंदानं टाळ्याच पिटल्या.

"काहून नाचून राह्यली बेटी?" झाडू टाकून बिस्मिल्लाबी पुढे आली. दर्ग्याची दिवाबत्ती तिच्याकडेच होती.

"चाची, मले याची सरकी पाहिजे. मूठभर!"

"नाही भेटत. बाबाची चीज हाय. नेतात अन् विसरतात."

सुनीती काकुळतीला आली. तिनं सरळ ओवीच म्हटली. बिस्मिल्लाबीचा चेहरा उजळला. "अर्धीच येते तुले!" म्हणत तिनं पुढचं म्हटलं:

मूठभर सरकी नेशी, दोन मुठी आण गं
रिकाम्या हाती येता, दिव्याची तुले आण गं

"आता बोल. आणशीन?"

सुनीतीनं आयुष्यात कुंडीसुद्धा लावली नव्हती. तरी "आणीन" म्हणत तिनं सरकीसाठी पदर पसरला.

स्टँडवरून तिनं सरांना फोन लावला. "सर, झाड सापडलं! पण प्रबंध मार्चमधे देत नाही मी."

"अहो, बढती? झाड आहे ना आता?"

"अर्धीच ओवी झाली, सर. जूनमधे पेरतो, दिवाळीनंतर दोन मुठी नेऊन देतो, मंगच लिहितो." इतक्या वर्षांत ती सरांशी पहिल्यांदाच वऱ्हाडीत बोलत होती. "अन् सर, तुमच्या अंगणात ऊन किती येते?"