उकंडरावाला सांगू नका

अठ्ठ्याहत्तर साली उकंडरावाच्या काळजात गाठ निघाली, ही गोष्ट साऱ्या वरवट बकाल गावाला एका दिवसात कळली. गाठ साधी आहे, कॅन्सरची नाही, हेही कळलं. मुंबईच्या दवाखान्यात ती कापून काढली, तेव्हा थोरल्या भावानं, हिंमतरावांनी, मारुतीपुढं नारळ फोडला. पण डॉक्टरांनी आणखीही एक गोष्ट सांगितली होती, आणि ती उकंडरावाच्या कानावर जाऊ द्यायची नाही, असं ठरलं.

डॉक्टरांनी हिंमतरावांना आणि उकंडरावाच्या बायकोला, रुखमाबाईला, बाजूला बोलावून घेतलं. गाठ निघाली, तिची आता काळजी नाही. पण तपासणीत काळजाला रक्त पुरवणाऱ्या नळ्याही आतून बुजत आलेल्या दिसल्या, आणि त्या इतक्या बारीक की त्यांना जोड देणं जमलं नाही. तंबाखू बंद, ओझं उचलणं कायमचं बंद, आणि छातीत दुखलं की ही बारकी गोळी लगेच जिभेखाली. "मी त्यांना समजावून सांगतो," म्हणत डॉक्टर उठले, तर हिंमतरावांनी हात जोडले.

"सायेब, त्याले नका सांगू. आमचा बाप असाच गेला. डॉक्टरनं तोंडावर सांगतलं, हप्ता नाई झाला तं धसक्यानं गेला."

बाप तेव्हा ऐंशीला टेकला होता, हे मात्र हिंमतराव बोलले नाहीत. घराची रीतच तशी. हिंमतरावांच्या पाठची दोन लेकरं जगली नाहीत, म्हणून उकंडराव जन्मला तेव्हा त्याला उकिरड्यावर ठेवून परत उचलून आणलं आणि नाव ठेवलं उकंडा. मरणाशी खरं बोलायचं नाही, त्याला चकवायचं, हे त्या घरात मुरलेलं होतं.

"भाऊजी, त्याइले सांगाले पायजे," रुखमाबाई म्हणाली.

"तुले कुंकू जड झालं काय?" हिंमतरावांनी विचारलं. असल्या प्रश्नाला बाईनं उत्तर तरी काय द्यावं!

गावी आल्यावर हिंमतरावांनी घरोघर जाऊन बजावलं, की उकंडाला सांगू नका. आता काय सांगू नका, तेही सांगावं लागलंच. शेजारच्या कडूबापासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांना उकंडरावाच्या नळ्या पाठ झाल्या. ज्याच्या छातीत त्या होत्या, तो एकटाच अजाण राहिला.

माणूस मात्र खुलला. गाठीपायी उठून बसलं की दम लागायचा, भोवळ यायची, ते सगळं थांबलं. रुखमाबाई तंबाखूची पिशवी लपवायची, तर तो हसायचा.

"काय वं, गाठ तं मुंबईले ठेवून आलो. आता कायचं पथ्य?"

त्यावर तिच्यापाशी उत्तर होतं, पण ते बोलायची सोय नव्हती. जिभेखालची गोळी गॅसची आहे, असं तिनं सांगून टाकलं, आणि गोळ्यांची बारकी बाटली कनवटीला खोचून ती त्याच्या मागं मागं फिरायची. तिला त्याचा राग यायचा, हिंमतरावांचा यायचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या गप्प बसण्याचा यायचा.

कांदा निघाला. पोती बैलगाडीत भरायला तिनं कडूबाला सांगून ठेवलं होतं, पण उकंडरावाला कुठला धीर!

"अवो, थांबा! कडूबा येऊन राह्यला!" ती बांधावरून ओरडली.

"तो येईलोक बजार उठून जाईन," म्हणत त्यानं पोतं पाठीवर घेतलं.

गाडीपर्यंत गेला, पोतं आत टाकलं आणि चाकाला टेकून खालीच बसला. सदरा घामानं चिंब झाला. डावा हात दाबत म्हणाला, "टाके ओढून राह्यले."

रुखमाबाईनं धावत येऊन गोळी त्याच्या तोंडात घातली. त्यानं ती थुंकून टाकली. "हे गॅसची. मले गॅस नाई झाला."

तेव्हा तिचा बांध फुटला. "टाके नाईत थे! तुमच्या काळजाच्या नळ्या बुजल्या हायेत. डॉक्टरनं मुंबईलेच सांगतलं होतं. गोळी त्याचीच हाय, जिभेखाली धरा!"

तो तिच्याकडे पाहत राहिला. घाबरला नाही. त्यानं स्वतःहून जीभ वर केली आणि दुसरी गोळी नीट धरली. एवढ्यात कडूबाही धापा टाकत पोचला.

"कोनाकोनाले मालूम हाय?" उकंडरावानं विचारलं.

"समद्याइले."

"मंग मलेच काऊन नाई सांगतलं?" त्याला दम पुरत नव्हता. "म्या पोतं उचललं नसतं."

दोघांनी त्याला गाडीत घातलं आणि खामगावच्या दवाखान्याचा रस्ता धरला. तो वाटेतच गेला.

अंगणात हिंमतराव भावाच्या छातीवर पडून धाय मोकलून रडले. ते रडणं खरं होतं. मग मान वर करून त्यांनी रुखमाबाईला विचारलं, "त्याले समजलं तं नव्हतं ना?"

"समजलं. म्याच सांगतलं."

रडणाऱ्या बाया थांबल्या. हिंमतरावांनी कपाळावर हात मारून घेतला. "सांगतलं? मंग तं तो जानारच होता!"

"भाऊजी, ते म्हनाले, पोतं उचललं नसतं..."

तिला कोणी पुढं बोलू दिलं नाही. ते बोलणं कडूबानंही ऐकलं होतं. तो खाली मान घालून तिरडी बांधत राहिला. इतके दिवस साऱ्या गावानं झाकलं आणि बायकोनं घात केला, असं बाया कुजबुजू लागल्या. प्रेत उठायच्या आधीच गावाचं ठरून गेलं, की उकंडराव धसक्यानं गेला.