खोडलेलं प्रश्नचिन्ह

संशोधन सोडण्याच्या अर्जात कारणासाठी दोन ओळी असतात. माझ्या विद्यार्थिनीला एकच पुरली: ‘माझी तेवढी कुवत नाही.’ खाली मार्गदर्शक म्हणून माझी सही हवी होती. मी पेन उघडलंही होतं.

उष्णता गरमाकडून गाराकडे जाते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी तीस वर्षं तेच अणूंच्या हालचालींवरून गणितानं सिद्ध करत बसलेय. माझा नवरा बॉयलर दुरुस्त करतो. तो विचारतो, “तुझं सिद्ध होईस्तोवर माझ्या गिऱ्हाइकांनी गार पाण्यानं अंघोळ करायची का?” हसू दे त्याला. बावीस वर्षांपूर्वीची एक सिद्धता माझ्या नावावर आहे. तिच्याच जोरावर ही खोली मिळाली, खुर्ची मिळाली आणि थोडा तोराही आला.

अणूंची एक साखळी घ्यायची, एक टोक गरम, दुसरं गार. साखळी दुप्पट लांब केली की वाहणारी उष्णता निम्मी होते, असं माझी सिद्धता सांगते. या विद्यार्थिनीचं उत्तर मात्र आठ महिने निम्म्याहून जास्तच येत होतं. “पुन्हा तपास,” असं मी तिला दोनदा सांगितलं होतं. दुसऱ्यांदा तर वही न उघडताच.

“वही आणलीयस?” समोर बसलेल्या तिला मी विचारलं.

“आणलीय. पण त्यात काही नाही, मॅडम.”

“असू दे. काही नसलेलं वाचायची सवय आहे मला. विभागाच्या बैठकांचे अहवाल वाचते मी.”

ती हसली नाही. मी ओळीओळीनं वाचत गेले. तासभर झाला तरी चूक सापडेना, आणि मला चक्क तिचाच राग यायला लागला. मग एका पानाच्या समासात खोडरबरानं कागद झिजलेला दिसला. पान खिडकीकडे धरलं. तारीख तिच्या कामाच्या दुसऱ्या महिन्यातली होती. मी माझ्या लेखात जिथं ‘हे उघडच आहे’ असं लिहिलंय, ती ओळ तिनं उतरवून घेतली होती. शेजारी पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह होतं, खोडलेलं.

कपाटातून माझा लेख काढला. साखळी आधी अनंत लांब करायची आणि मग अनंत काळ थांबायचं, की आधी थांबायचं आणि मग ती लांब करायची? दोन्हीकडून उत्तर एकच येणार, असं मी धरून चालले होते. सिद्ध केलंच नव्हतं. उघडच होतं ना!

“हे तुला तेव्हाच दिसलं होतं?”

तिनं होकारार्थी मान हलवली.

“मग खोडलंस का? मी रागावेन म्हणून?”

“नाही मॅडम. तुमचं चुकणार नाही म्हणून.”

रागावाल म्हणाली असती तर परवडलं असतं. मला लाज वाटली. सिद्धता गेल्याचं दुःखही झालं, पण ते नंतर, घरी.

“चूक माझी आहे,” मी म्हटलं. “आजच नियतकालिकाला पत्र लिहू. चूक कोणी शोधली, तेही त्यात लिहायचं.”

“पण मॅडम, तुमची सिद्धता...”

“ती नव्हतीच.”

पेन अजून उघडंच होतं. अर्ज बाजूला सारला, तिची वही पुढे ओढली आणि ते खोडलेलं प्रश्नचिन्ह शाईनं गिरवलं. खाली सही केली.