फी आदमी एक काठी

बुधवारी सकाळी आठच्या सुमारास तलावाच्या पाळीवर झुंबरबाईची गळकाठी जप्त झाली. गळाला कणकेची गोळी होती, मोरपिसाच्या देठाचे भेंड पाण्यावर उभे तरंगत होते आणि टोपलीत अर्ध्यापर्यंत खवल्या मासे होते. टोपली तिला परत मिळाली. काठी मिळाली नाही.

काठी घेणारा गिरिधर हा तलावाच्या ठेकेदाराचा मुनीम, मूळचा जालन्याचा. हाकेच्या अंतरावर झुंबरबाईचा नवरा मच्छिंद्र दुसरी काठी धरून बसला होता. त्याच्या काठीला कोणी हात लावला नाही.

जप्तीचे कारण दवंडीत होते. पावसाळा सरल्यावर तलाव ठेक्याने गेला आणि कुंभार पिंपळगावच्या चावडीपुढे हलगी वाजवून तालुक्याचे उर्दू फर्मान ऐकवले गेले. जाळे फक्त ठेकेदाराचे; बाकी लोकांना फी आदमी एक गळकाठी, म्हणजे दर माणशी एक. मच्छिंद्र आणि झुंबरबाई जातीने भोई. त्यांचे जाळे त्याच दिवशी आढ्याला गेले. ठेका संपेपर्यंत काठीवर पोट भरले तर राहायचे, नाही तर घराला कुलूप लावून तिच्या भावाकडे गोदाकाठी जायचे, असे दोघांत ठरले. भावाच्या दारात राहायची तिची तयारी नव्हती, आणि मेव्हण्याच्या नावेत बसायची त्याची.

त्यामुळे काठी निवडणे हे हलके काम नव्हते. बाजाराच्या दिवशी दोघे कडूबा बुरुडाच्या पालावर गेले. मच्छिंद्रच्या मनात एकच काठी होती: आखूड, जाड, भरीव बांबूची. मरळ ताकदीची असते; गळाला लागली की लव्हाळ्यात शिरते, आणि तिथे शिरू दिली नाही तरच हाती येते. जी काठी मरळीला पुरते ती खवल्याला आणि शिंगटीलाही पुरेल, असे त्याचे म्हणणे होते.

झुंबरबाईने त्याने निवडलेल्या काठीचा शेंडा जमिनीला टेकवून दाबला. काठी वाकली नाही. खवल्या माशाचे तोंड मऊ असते. असल्या काठीने हिसका दिला तर ओठ फाटून मासा पाण्यातच राहतो. ती म्हणाली, "सगळ्याला चालती, ती कोन्हालाच धड चालत न्हाई."

कडूबाने चांगले बांबू शिड्यांसाठी बाजूला काढले होते. तिने त्यांच्याकडे पाहिले नाही. टोपल्यांसाठी चिरायला टाकलेल्या ढिगापाशी ती बसली आणि एकेक बांबू उचलू लागली. पेरे जवळ जवळ आहेत की लांब, ते बोटाने चाचपायचे. नखाने टकटक करून चीर ऐकायची. बुडखा डोळ्याला लावून बाक बघायचा. बराच वेळ गेला.

"वैनी, काठी बघून राह्यल्या का जावई?" कडूबाने विचारले.

"जावई वाकडा निघाला तरी निभतं, भाऊ."

शेवटी तिने दोन काठ्या काढल्या. एक आखूड भरीव, मरळीसाठी. दुसरी लांब, पोकळ, शेंड्याला करंगळीहून बारीक, खवल्यासाठी. शिंगटी तळाला खाते, तिच्यासाठी वेगळा खर्च करायची गरज नव्हती. लांब काठीच्याच दोरीवर भेंड वर सरकवले की गळ तळाला जातो. चिरायच्या ढिगातला माल म्हणून दोन्ही मिळून शिडीच्या एका बांबूच्या भावात पडल्या. घरी त्या चुलीच्या धगीवर सरळ केल्या आणि करडीचे तेल चोळले. तेव्हापासून दोघे रोज तलावावर बसत होते, आणि टोपली गावात विकून घर बराबर चालत होते.

बुधवारी गिरिधरने आधी मच्छिंद्रला विचारले, की दोन काठ्या कशा. मच्छिंद्रने बायकोकडे बोट दाखवले. गिरिधर तिच्याकडे वळला.

"फर्मान फी आदमी एकाचं आहे, बाई. तुम्ही आदमी नाही. ही काठी तुमच्या नवऱ्याची दुसरी झाली."

"आदमी न्हाई, तर मंग फर्मान मला लागू न्हाई," झुंबरबाई म्हणाली. "घरून आजून चार आनते."

पाळीवरून शेताकडे निघालेले लोक थांबले होते. त्यांच्यातला एकजण हसला. गिरिधर हसला नाही.

"आणि आदमी असाल तर?"

"तर एक. ती तुमच्या हातात हाय."

मग गिरिधरने तोड सुचवली: काठ्या दोन असू द्या, पण एका वेळी पाण्यात एकच. मच्छिंद्रने मान डोलावली. झुंबरबाईने डोलावली नाही. मरळ आणि खवल्या दोन्ही सकाळीच गळाला लागतात. एक काठी काठावर पडून राहिली तर अर्धी टोपली गेली, आणि अर्ध्या टोपलीवर गाव सोडावे लागते. हे तिने गिरिधरला आवाज न चढवता सांगितले.

फर्मानातल्या आदमी शब्दात बाई येते की नाही, हे आपण ठरवू शकत नाही, असे गिरिधरने मान्य केले. मदरशात उर्दू शिकवणारे मास्तर म्हणाले, बाई येते. दवंडी पिटणारा म्हणाला, बाई येत नाही. त्याच्या घरी आदमी म्हणजे नवरा. गिरिधरने त्याच दिवशी प्रश्न तालुक्याला कळवला.

गुरुवारपासून मच्छिंद्र एकटा मरळीच्या काठीवर बसतो. दुपारी झुंबरबाई ठेकेदाराच्या चौकीवर जाऊन आपली काठी फडक्याने पुसते. भिंतीला टेकवून ठेवली की बांबू बाक धरतो, हे तिने गिरिधरला पहिल्याच दिवशी बजावले. घराला कुलूप घालायचे का, असे मच्छिंद्रने एकदा विचारले. आपली काठी चौकीवर आहे तोवर आपण कुठे जात नाही, असे तिने सांगितले.

काल बाजार होता. कडूबाच्या पालावर गावातल्या तीन बाया येऊन पोकळ, लांब, बारीक शेंड्याचे बांबू मागून गेल्या. त्याने ते बांधून बाजूला ठेवले आहेत. तालुक्याचा शब्द आला की नेणार आहेत.

आज सकाळपर्यंत तो आलेला नाही. झुंबरबाईची काठी चौकीच्या वाशांना दोन ठिकाणी बांधून, आडवी, बिलकुल सरळ टांगलेली आहे.