झालं म्हणेपर्यंत

"आई, तू परत आत जा," मेस्त्री म्हणाला.

आई दारातच उभी होती. तीन वर्षांनी आलेल्या मुलाच्या छातीवर डोकं टेकून ती आत्ता कुठे रडायची थांबली होती. भांडी घासता घासता उठून आल्यामुळे दोन्ही हातांना साबणाचा फेस होता. तो मुलाच्या शर्टाला लागू नये म्हणून तिने हात वर, हवेतच धरले होते. तिला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं.

"आत जाऊ? का रे?"

"चालू नव्हतं ते."

"काय, बेल? वाजली की चांगली."

फाटकापाशी त्याची बायको कॅमेरा पोटाशी धरून उभी होती. तिचा चेहरा पडला होता. "अहो, बॅटरीच संपली होती. माझंच लक्ष नव्हतं," ती म्हणाली. "पण राहू द्या ना आता. जे झालं ते तुम्ही नंतर बोलून सांगा."

"असं कसं? तीन वर्षांनी आईच्या दारात येतोय. परत एकदा घेऊ. दोन मिनिटांचं तर काम."

मेस्त्रीने वीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करण्यात काढली होती. लोकांना खाली-वर पोचवून स्वतः जिथल्या तिथे राहिल्याचा त्याला एक दिवस भयंकर कंटाळा आला. त्याने शाळेची एक भंगारात निघालेली बस घेतली, तिच्यात पलंग, चूल, नळ, संडास सगळं स्वतःच्या हाताने बसवलं आणि बायको-मुलीला घेऊन निघाला तो निघालाच. 'चाकांवरचं बिऱ्हाड' या नावाने ते आपल्या प्रवासाचे व्हिडिओ टाकत. बघणाऱ्यांना मेस्त्री 'शेजारी' म्हणायचा. "काय शेजाऱ्यांनो, झोप झाली का?" अशी त्याची सुरुवात ठरलेली. असे लाखभर शेजारी त्याला होते. आईच्या खऱ्या शेजारच्या काकू मात्र कुंपणावरून हे सगळं बघत होत्या आणि त्यांच्याकडे त्याने अजून मान वळवूनही पाहिलं नव्हतं.

आई निमूटपणे आत गेली. दार लागलं. मेस्त्री दारासमोर उभा राहिला, आणि मग त्याचं लक्ष स्वतःच्या शर्टाकडे गेलं. छातीवर तळव्याएवढा ओला डाग होता.

"हे दिसेल," तो म्हणाला. "भेटायच्या आधीच ओला कसा, असं विचारतील लोक."

तो बसमध्ये गेला आणि शर्ट बदलून आला. हे करताना त्याला काही म्हणजे काही वाटलं नाही. वाटलं ते नंतर, आणि मग ते काही केल्या जाईना.

दुसऱ्यांदा दार उघडलं तेव्हा आईच्या हातांना पुन्हा ताजा फेस होता. केसही तिने मघासारखेच कपाळावर ओढून घेतले होते. तिने डोकं बरोबर त्याच जागी टेकवलं, हात हवेत धरले आणि वाट बघत राहिली. मग हळूच, ओठ फारसे न हलवता म्हणाली, "रडू येत नाही रे. होतं तेवढं मघाशीच संपलं."

"चालेल आई. नको रडूस."

"हात ओले करून आले मी. मघाशी होते ना तसे."

"हो. छान केलंस."

पाच सेकंद मोजून मेस्त्री म्हणाला, "झालं." आई बाजूला झाली, आणि चांगलं काम केलेल्या माणसासारखी थोडी हसली. मेस्त्रीने मान खाली घालून आपल्या कोरड्या शर्टाकडे पाहिलं. पण नातीने आजीला मिठी मारली, पिशव्या आत आल्या, आणि तेवढ्यापुरती वेळ निभावली.

नात, म्हणजे ठकी, नऊ वर्षांची होती आणि या धंद्यातले सगळे नियम तिला पाठ होते. संध्याकाळी स्वयंपाकघरात तिने आजीची शिकवणीच घेतली.

"आजी, बाबा 'चालू' म्हणाला की कॅमेऱ्याकडे बघायचं नाही. आणि 'झालं' म्हणेपर्यंत हलायचं नाही. मध्येच हललं की सगळं परत."

"अगं, आमच्याकडेही असंच होतं," आजी म्हणाली. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. "पलीकडचा 'झालं' म्हणेपर्यंत लाइन तोडायची नाही. एकदा तर दोन्हीकडची माणसं गप्प. नवरा-बायको होते, भांडलेले. कुणीच बोलेना. मी आपली कानाला लावून बसून. चाळीस मिनिटं!"

"मग?"

"मग काय, शेवटी त्याला शिंक आली, आणि ती म्हणाली, औषध घेतलंस का?"

ठकी खिदळली. मेस्त्री दारातून ऐकत होता. हे त्याने लहानपणापासून दहा वेळा ऐकलं होतं. तरी त्याच्या डोक्यात आलं ते एवढंच, की हे घ्यायला हवं होतं. त्याने जीभ चावली.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी दुपारी, तो अंगणातल्या नळाला पाइप लावून बसची टाकी भरत होता. शेजारच्या काकू कुंपणाशी आल्या.

"बरं झालं बाई तू आलास. मला चिंताच होती. मंगळवारी सही कोण करणार?"

"कसली सही?"

काकू त्याच्याकडे बघतच राहिल्या. "अरे, डोळ्याचं ऑपरेशन नाही का तिचं? उजव्या. डाव्याने तर दिसतच नाही फारसं. दवाखान्यात घरचं माणूस हवं म्हणतात. मी जाणार होतेच, पण मी कोण? शेजारीण. सांगितलं नाही तिने?"

"सांगितलं की," मेस्त्री म्हणाला आणि पाइपाकडे वळला. टाकी कधीच भरून वाहत होती.

आता तुम्ही म्हणाल, यात अवघड ते काय? थांबायचं चार दिवस. रविवारी संध्याकाळी पुढच्या गावच्या तळ्याकाठी पोचायचं त्यांनी कबूल केलं होतं हे खरं. शे-दीडशे 'शेजारी' तिथे भेटायला येणार होते. पण ते कळवता आलं असतं. अडचण वेगळीच होती, आणि ती मेस्त्रीला कुणालाही सांगता येण्यासारखी नव्हती. काकूंचं बोलणं संपायच्या आत त्याच्या डोळ्यांसमोर दवाखान्याची खोली उभी राहिली होती. पट्टी काढताना आईचा चेहरा. उजेड डावीकडून. ठकीला समोर उभी करायची, म्हणजे उघडल्या डोळ्याने आजीला पहिली नात दिसेल. कॅमेरा कुठे ठेवायचा तेही ठरून गेलं होतं. आईला दिसेल की नाही, ही काळजी त्याच्या मनात सगळ्यांत शेवटी आली. भर रस्त्यात कुणी थोबाडीत मारल्यासारखा तो पाइप हातात धरून उभा राहिला.

रात्रीचं जेवण लवकर उरकलं. बायको ठकीला झोपवायला बसमध्ये गेली. आई टेबल पुसत होती. त्याने विचारलं, "आई, तुला काही सांगायचंय का मला?"

आईचा हात थांबला. ती जवळ आली, बारीक डोळे करून त्याच्या कॉलरकडे बघू लागली. "ते काढलं नाहीस," ती म्हणाली.

कॉलरला छोटा माइक अजून लटकत होता. त्याचा लाल दिवा लुकलुकत होता. मेस्त्रीने तो ओरबाडून काढला, बटण सापडेना, बोटं घसरली. शेवटी एकदाचा तो बंद झाला तेव्हा आई टेबलाचा तोच कोपरा पुन्हा पुसत होती.

"बोल ना. बंद केलं."

"काही नाही रे. अंड्यांचं विचारणार होते. सकाळी उकडलेली चालतील ना ठकीला?"

"चालतील," तो म्हणाला.

अंथरुणावर पडल्या पडल्या त्याने बायकोला ऑपरेशनचं सांगितलं. ती उठूनच बसली. "मग थांबू या की आपण!"

"थांबलो तर मी तिथे कॅमेरा काढेन."

"नाही काढायचा. त्यात काय एवढं?"

"मी काढेन," मेस्त्री म्हणाला. "तू ओळखतेस मला. पट्टी दोनदा काढायला लावीन तिला. काकू जाणारच आहेत, त्या जास्त बऱ्या."

"तुमची आई आहे," बायको एवढंच म्हणाली आणि पाठ करून झोपली. शरमेने माणूस चांगला वागतो असं आपण समजतो. मेस्त्री शरमेने पळून चालला होता.

रविवारी सकाळी निरोप झाला. तो घेणं भागच होतं. आगमन आहे म्हटल्यावर निरोप हवाच. बायको मागच्या खिडकीत कॅमेरा घेऊन बसली. आई फाटकाशी उभी राहिली.

"हात हलवत राहा आई," मेस्त्री ड्रायव्हरच्या सीटवरून ओरडला. "चालू!"

आईने हात वर केला. बस हलली. आरशात आई लहान होत गेली, मग वळण आलं.

चौकात सिग्नल लागला, तशी ठकी म्हणाली, "बाबा, तू 'झालं' म्हणालाच नाहीस."

"राहिलं. आता काय त्याचं?"

"पण मग आजी उभी असेल."

"काहीतरीच. आजी काय वेडी आहे?" तो हसला. हसताना त्याला चाकाखालची लाकडी उटी आठवली. बस उताराला लावली की घसरू नये म्हणून मागच्या चाकाखाली तो ती ठोकायचा. काढली होती, पण उचलून आत ठेवली नव्हती. नवी करायला दहा मिनिटं पुरली असती. तरी त्याने चौक ओलांडून बस कडेला घेतली आणि म्हणाला, "उटी राहिली. आणतो."

तो चालत वळणापर्यंत आला आणि थांबला.

आई फाटकाशीच होती. हात वरच होता. थकला असावा, कारण दुसऱ्या हाताने तिने कोपराला खालून आधार दिला होता. रस्त्यावर कुणीच नव्हतं. ती रिकाम्या वळणाकडे बघत, ठरल्यासारखी हसत, हात हळूहळू हलवत होती. मेस्त्री तिच्या समोरच उभा होता, पण एवढ्या लांबचं तिला दिसत नव्हतं.

तो जवळजवळ धावतच गेला.

"झालं, आई. झालं, झालं."

तिने हात खाली घेतला आणि खांदा चोळला. "मला वाटलं, लांबून घेताय."

"उटी राहिली होती," तो म्हणाला. त्याला तिच्याकडे बघवेना. त्याने वाकून उटी उचलली.

"मग जा. लोक खोळंबतील तुझे." तिने त्याच्या दंडावर थोपटलं आणि पायरी चाचपत, एक एक करून चढत ती आत गेली. दार लागलं.

मेस्त्री उटी हातात घेऊन फाटकात उभा राहिला. चौकापलीकडे बस उभी होती, तळ्याकाठी माणसं जमणार होती. त्याने खिसे चाचपले. फोन बसमध्येच होता. कॉलरला काही नव्हतं. तो पायऱ्या चढला, आणि लहानपणी वाजवायचा तशी बेल दोनदा वाजवली.

आईने दार उघडलं. त्याला बघून तिने आधी त्याच्या खांद्यावरून पलीकडे, फाटकाकडे पाहिलं. तिथे तिची सून दिसते का ते तिने डोळे बारीक करून शोधलं.

"आई," तो म्हणाला, "मंगळवारी..."

"परत एकदा का रे?" तिने समजुतीने विचारलं. "थांब हं. हात ओले करून येते."

आणि तिने अलगद दार लावून घेतलं. मेस्त्री बंद दारासमोर उभा राहिला. आत तिने नळ सोडल्याचा आवाज त्याला ऐकू येत होता.