बाजेवरून पत्र्यावर

मित्रांनो, २०२४ सालच्या वैशाखात हे घडलं. तेव्हा मी नवा होतो. आज मी राणीसावरगावात भीमाशंकरअप्पांच्या किराणा दुकानामागे पोती झाकणारा एक निकामी सौरपडदा आहे.

मी काचेचा नाही. धनश्रीताईंनी परभणीच्या प्रयोगशाळेत दोन रसायनं कालवून पातळ प्लास्टिकवर लेपली, तो मी. ती रसायनं आंबिलीतल्या पीठ-ताकासारखी मिसळलेली हवीत. ऊन पडलं की माझ्यात ठिणगी उठते. तिचं आयुष्य क्षणाचं. दुसरं रसायन अगदी शेजारी भेटलं तरच तिची वीज होते. तापून दोघांचे वेगवेगळे गोळे झाले, की ठिणगी वाटेतच विझते.

अप्पांची दहा वर्षांची मुलगी शिवरंजनी रोज इन्सुलिन टोचून घेई. गावात वीज दिवस दिवस नसे, म्हणून औषधाची गार पेटी माझ्यावर चाले. ताईंनी पत्र्याच्या छपरावर बाज ठेवून मला तिच्यावर बांधलं. म्हणाल्या, "खालून वारं खेळू द्या, अप्पा. पत्र्याला टेकवू नका."

सोमवारी तिच्या आई भागम्मा माझ्या कडेला विभूती लावत. शिवरंजनी हसे. "माय, ह्याच्या गळ्यात लिंग बी बांध की!"

वैशाखात घरचे लिंगायत गुरू, जंगम महाराज, मुक्कामी आले. घरात बाज तेवढीच.

"महाराज भुईवर निजतेल व्हय? काढ ती बाज," अप्पा म्हणाले.

"आन् पडदा?" भागम्मांनी विचारलं.

"पत्र्यावरच अंथर. ऊन तर तेच हाय की!"

महाराज गेले, बाज ओसरीतच राहिली. पत्रा तव्यासारखा तापे. माझ्यातली रसायनं एकमेकांपासून तुटत गेली. वरून मी तसाच दिसत होतो. दिव्यापुरती वीज उरली होती, म्हणून पेटीचा हिरवा दिवाही लागत होता. आत गारवा नव्हता. औषध बिघडलं, पण तेही वरून तसंच दिसत होतं. टोचूनही शिवरंजनीची साखर वाढत गेली.

"माय, लय तहान लागायलीय."

"उन्हाळाच हाय, बाई," म्हणत भागम्मा तांब्या भरून देत.

एका सकाळी शिवरंजनी हाका मारूनही उठली नाही. जीप परभणीला गेली आणि तिला आडवी घेऊन परत आली.

मित्रांनो, दिवा लागलाय एवढ्यावर थांबू नका. पेटी उघडून आत हात घालून पाहा.

धनश्रीताई आता प्रत्येक पडदा आधी तापल्या पत्र्यावर ठेवून पारखतात. शिवरंजनीच्या समाधीचे विधी त्याच जंगम महाराजांनी केले. बाजेचं त्यांना कुणी सांगितलं नाही. अप्पा दुकान उघडतात. भागम्मा भुईवर निजतात. बाज भिंतीला उभी आहे.